अठ्ठेचाळीस : गरज नाही

कार्ड माझ्या हातात पडलं तेव्हा मी फाटकात स्कूटरला किक मारत होतो आणि स्कूटर नेहमीप्रमाणे दाद देत नव्हती. पोस्टमनने ते माझ्या हातात ठेवलं आणि सायकल वळवून निघून गेला. साधं पोस्टकार्ड, वर सरकारी इस्पितळाचा जांभळा शिक्का, खाली कारकुनी इंग्रजीत तीन ओळी. शलाका, वय सव्वीस, डाव्या मनगटाचं हाड मोडल्यामुळे जानेवारीत प्लॅस्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढायला बोलावलं होतं, आला नाहीत, ताबडतोब यावं. पत्ता माझा. जयनगर, तिसरा ब्लॉक, घराचा नंबर, मेन रस्ता, क्रॉस रस्ता, आणि शेवटी सहा आकडे, पाच सहा शून्य शून्य एक एक. मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला राग आला तो इस्पितळाचा, की या लोकांनी पत्त्यात घोळ घातला. माझी मुलगी लग्न झाल्यापासून तीन वर्षं महादेवपुऱ्यात राहते, तिचं कार्ड इथे कसं? हे माझं पहिलं वाटणं होतं आणि ते मी लपवणार नाही. मुलीचं मनगट मोडलंय हे मला दुसऱ्यांदा वाचताना कळलं.

मी पत्त्यांचा माणूस आहे, म्हणजे पोट त्यावर भरतं. बंगलोरला येऊन मला एकवीस वर्षं झाली, सगळी एकाच सरकारी संस्थेत. शाळा कुठे काढावी, दवाखाना कुठे असावा, पाण्याची टाकी कोणत्या वस्तीला आधी द्यावी, हे आम्ही कागदावर ठरवतो. या गावात पत्ता म्हणजे एक छळ आहे. अमक्या देवळामागे, तमक्या पिठाच्या गिरणीसमोर, सातवा क्रॉस दोन ठिकाणी आणि आठवा कुठेच नाही. त्यातून मी वाट काढली होती. बाकीचा पत्ता सोडून द्यायचा, फक्त पोस्टाचे सहा आकडे घ्यायचे. सहा आकड्यांना देऊळ नाही, गिरणी नाही, जात नाही. कोणत्या आकड्यात किती दुखणी, किती मुलं, किती मरणं, एवढं मोजायचं आणि नकाशा रंगवायचा. जास्त तिथे लाल, शून्य तिथे हिरवा. दोन वर्षांपूर्वी सरकारने ठरवलं की मार खाल्लेल्या, भाजलेल्या बायकांसाठी शहरात दहा मदत केंद्रं काढायची. प्रत्येक केंद्रात एक गाडी, एक नर्स, एक बाई पोलीस. ती दहा कुठे, हे ठरवायचं काम उमाकांतकडे आलं. उमाकांत म्हणजे मी. मी खूश झालो होतो.

त्या कामासाठी मी इस्पितळाच्या अपघात विभागाच्या व्हरांड्यात सहा महिने बसलो. पुढ्यात दोन वर्षांची रजिस्टरं. वय, पुरुष की स्त्री, जखम कुठे, कशामुळे, पिनकोड. नाव घ्यायचं नाही हा नियम मीच केला होता, कारण नाव घेतलं की मन डगमगतं, आणि डगमगत्या मनाने मोजणी होत नाही. पहिल्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. लाटणं, पट्टा, इस्त्री, कुकरचं झाकण, उकळतं तेल, स्टोव्हचा भडका. वरवंट्याने बोटं ठेचलेली बाई, वय एकोणीस, कारण काय तर चटणी वाटताना. दाराच्या कडीने डोळा गेलेली बाई, कारण काय तर अंधार. नवरे बाकावर बसून विडी ओढत, आणि आत कोणीतरी ओरडत असे, आणि मी कोरा कागद पुढे ओढून लिहीत असे, स्त्री, एकतीस, जांघ, भाजणे. तिसऱ्या आठवड्यात मी डबा तिथेच उघडून खायला लागलो. फरशीवरचं रक्त पुसायला आया आली की पाय वर घ्यायचे, पुसून झालं की खाली ठेवायचे. माणसाला कशाचीही सवय होते असं लोक म्हणतात तेव्हा त्यांना बरं वाटत असावं. मला तरी वाटायचं.

त्या आयेचं नाव सोयराबाई. पन्नाशीची, काळीसावळी, इथल्याच जुन्या मराठ्यांतली. तिच्या घराण्याला या गावात तीनशे वर्षं झाली असं ती सांगे, आणि तिच्या मराठीत कन्नड कुठून शिरे ते तिलाही कळत नसे. मी मराठी आहे म्हटल्यावर तिला माझी माया लागली. एके दुपारी पोछा बादलीत पिळता पिळता तिने माझ्या कागदात डोकावून पाहिलं आणि विचारलं, हे आकडे कशाला लिहिता. मी सांगितलं, बायका जिथे मार खातात तिथे केंद्र काढायचंय. ती हसली. मग शेजारी उकिडवी बसली.

"अण्णा, स्वल्प ऐका. ह्या बायका ऱ्हातात तिथला पत्ता लिवत नाईत. नवरा संगं येतो की, तोच सांगतो, हिच्या म्हाहेरचा लिवा. पडली ती पण म्हाहेरीच पडली म्हणून लिवून घेतो. उद्या कागद निघाला तर तिकडं जाऊ दे, आपल्या दारात नको."

मी तिला म्हणालो, सोयराबाई, रजिस्टरात जे लिहिलंय तेच मी घेणार, ऐकीव गोष्टींवर सरकार चालत नाही. "सरी," ती म्हणाली, "तुमचं काम तुमाला ठाऊक," आणि बादली उचलून गेली. तिच्या शब्दाची मी कुठे नोंदसुद्धा केली नाही. त्या दिवशी डब्यात मेथीची भाजी होती, हे मात्र लक्षात आहे.

आता हातात कार्ड घेऊन फाटकात उभा असताना मला ती बादली दिसली. मग त्या सहा आकड्यांकडे बघता बघता दुसरंच आठवलं, आणि ते आठवू नये म्हणून मी स्कूटरला पुन्हा पुन्हा किक मारत राहिलो. शलाका सहा वर्षांची होती. आम्ही या घरात नुकतेच आलो होतो आणि करग्याच्या जत्रेच्या गर्दीत कुणाचं तरी पोर हरवल्याचं ऐकून मी घाबरलो होतो. रोज संध्याकाळी मी तिला समोर उभी करून पत्ता पाठ करून घेई. हरवलीस तर रडायचं नाही, कोणीही मोठं माणूस दिसलं की हा पत्ता सांगायचा, मग ते तुला घरी आणतात. घर, क्रॉस, मेन, ब्लॉक सगळं तिला येई, पण शेवटचा आकडा ती विसरायची. पाच सहा शून्य शून्य एक, आणि थांबायची. मी लाकडी फूटपट्टी घेऊन बसत असे. एका संध्याकाळी ती पाचव्यांदा एकावर थांबली आणि मी पट्टी तिच्या डाव्या मनगटावर मारली, धारेच्या बाजूने. घर कुठे ते सांगता येत नाही त्या पोरीने घरी यायचं कसं, असं काहीसं मी ओरडलो. माझी बायको विद्या स्वयंपाकघरातून धावत आली. मनगटावर लाल रेघ उठली होती, मग ती फुगली. त्यानंतर शलाका शेवटचा आकडा कधी विसरली नाही, आणि मी हे पुढे कितीतरी वर्षं आलेल्या-गेलेल्यांना शिस्तीची गोष्ट म्हणून हसत सांगितलं आहे.

ऑफिसात बारा वाजता सही होती. दहा केंद्रांच्या जागा पक्क्या झाल्या होत्या आणि शेवटच्या तक्त्यावर माझी सही तेवढी राहिली होती. मी कुणाशी न बोलता कपाट उघडलं आणि अकराचे कागद काढले. अकरा हे पिनकोडचे शेवटचे दोन आकडे, म्हणजे जयनगर, माझा स्वतःचा भाग, नकाशावर भडक लाल. सेहेचाळीस बायका दोन वर्षांत. शिकलेली, बँकेत पैसे असणारी, सकाळी बागेत फिरणारी वस्ती, आणि सेहेचाळीस; आणि बहुतेक सगळ्या वीस ते तीस वयाच्या. याचा अर्थ मी अहवालात लिहिला होता की सुशिक्षित स्त्रिया लहानसहान दुखापतीसाठीही इस्पितळात येतात, म्हणून नोंद जास्त. वाक्य मला आवडलं होतं. अकरात केंद्र मंजूर झालं होतं, बागेच्या कोपऱ्यावर त्याचा पायाही खणला होता. आणि महादेवपुरा, अठ्ठेचाळीस, कारखान्यांचा भाग, नव्या नव्या बिऱ्हाडांचा, तिथे स्त्रिया शून्य. त्याच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरात दोन शब्द होते, गरज नाही. शून्य दिसलं की आधी शंका घ्यायची, हे मी दर वर्षी नव्या मुलांना शिकवतो.

मी त्या सेहेचाळीस ओळींवरून बोट फिरवायला लागलो. नावं नव्हती. स्त्री, चोवीस, उजव्या कानाचा पडदा फाटला, न्हाणीघरात घसरून, ऑगस्ट चौऱ्याण्णव. त्या वर्षी गणपतीला शलाका आली होती आणि मी काही विचारलं की मान वळवून डावा कान पुढे करत होती. मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, बहिरी झालीस काय गं. स्त्री, पंचवीस, पाठीवर भाजल्याचे तीन पट्टे, इस्त्री लागून, मार्च पंच्याण्णव. पाठीला इस्त्री लागते कशी, हे मी लिहिताना मनात आणलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात विद्याच्या पन्नाशीला ती गळाबंद ब्लाउज घालून घामेजत बसली होती आणि मी म्हणालो होतो, फॅशन बघा. स्त्री, पंचवीस, बरगडी. स्त्री, पंचवीस, पुढचा दात. दात? तिचे दात मी आठवायला लागलो आणि मला माझ्या मुलीचे दात आठवेनात. यातल्या किती ओळी तिच्या आणि किती दुसऱ्या कुणाच्या, हे कळायला मार्ग नव्हता. जी तिची नसेल ती माझ्या गल्लीतल्या दुसऱ्या कुणा बापाच्या मुलीची होती, जो आज सकाळी पिशवी घेऊन भाजीला गेला असेल.

मागच्या दिवाळीत दोघं जेवायला होती. सुधींद्र, माझा जावई, कारखान्यात इंजिनियर, देशस्थ, दोन पिढ्या इथल्याच, नमस्काराला वाकला की पायाला नीट हात लावणारा. मी रंगात येऊन नकाशाची गोष्ट सांगत होतो. आपलं जयनगर बघा, मी म्हणालो, सेहेचाळीस. शलाकाचा हात ताटात थांबला. ती म्हणाली, कोण असतील त्या बाबा, इतक्या? मी तिला सुशिक्षित स्त्रियांचं ते वाक्य ऐकवलं. तिने विचारलं, आणि अठ्ठेचाळीसात? मी म्हणालो, शून्य, तुमचा भाग सुखी आहे. सुधींद्र हसला आणि त्याने माझ्या पानात आणखी एक चिरोटी वाढली. शलाका माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला तेव्हा कौतुकाची वाटली. आता ऑफिसच्या टेबलाशी बसल्या बसल्या मला कळलं की ती मला आणखी एक संधी देत होती, आणि मी चिरोटीवर दूध ओतून घेत होतो.

मी घरी फोन लावला आणि विद्याला कार्ड वाचून दाखवलं. मग ती म्हणाली, मी दोनदा म्हटलं होतं तुम्हाला, एकदा तिच्याकडे जाऊन या, तिच्या फोनला त्याने कुलूप घातलंय. तुम्ही म्हणालात, त्यांच्या संसारात आपण कशाला. हे खरं होतं. मी म्हणालो होतो. ती रडत नव्हती, तिचा आवाज कोरडा होता, आणि त्या आवाजाची मला भीती वाटली. जा, एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. मी तसाच साहेबांच्या खोलीत गेलो. गुरुराज आमचे प्रमुख, सज्जन माणूस. त्यांच्यापुढे कार्ड ठेवलं आणि सांगितलं की अठ्ठेचाळीस चूक आहे, अकरा चूक आहे, सगळाच नकाशा माहेरचा आहे. त्यांनी कार्ड वाचलं, चष्मा काढला, माझ्यासाठी पाणी मागवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले की एका कार्डाने तक्ता बदलत नाही, मंजुरी झाली आहे, तुम्ही सही करा आणि रजा घेऊन मुलीकडे जा. त्यांच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो, शब्दसुद्धा हेच. मी तक्ता उचलला आणि फाडला. मधोमध, मग आडवा, मग पुन्हा. त्याच्या सहा प्रती आहेत हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

महादेवपुऱ्याचा रस्ता लांब आहे. विमानतळ मागे पडला की ट्रक, धूळ, अर्ध्या उभ्या इमारती, पुन्हा ट्रक. त्या तासाभरात मी सुधींद्रला किती वेळा मारलं ते सांगता येणार नाही. रजिस्टराने मला सगळं शिकवून ठेवलं होतं. कोणतं हाड किती सहज मोडतं, कानशिलात कुठे बसली की पडदा फाटतो, तेल किती तापलं की कातडी कपड्याबरोबर निघते. मी त्याचं मनगट दारात घालून दार लावलं. त्याच्या पाठीवर इस्त्री ठेवली आणि मनात सावकाश आकडे मोजले. एका वळणावर ट्रकवाला मला कन्नडमध्ये आईवरून शिवी देऊन गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मोठमोठ्याने बोलतोय आणि दात इतके आवळलेत की दाढ दुखतेय. मला बरं वाटत होतं, हे सांगायची लाज वाटते. छातीत काहीतरी गरम आणि मोकळं झालं होतं, आणि सहा महिने व्हरांड्यात पाय वर घेऊन बसलेला तो माणूस मी नव्हतोच असं मला त्या रस्त्यावर वाटत होतं.

दार सुधींद्रने उघडलं. त्याची दुसरी पाळी होती, तो कामाचा शर्ट घालून तयार होता. कडीला बाहेरून लावायचं पितळी कुलूप लटकत होतं, किल्ली त्याच्या हातात. बाबा, अचानक, असं म्हणत तो पायाशी वाकला. मी आत पाहिलं. शलाका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डावा हात पदराखाली होता. तिने तो लपवला नाही, उलट पदर बाजूला केला. प्लॅस्टर काळपट पडलेलं, कडा कुरतडल्यासारख्या, आणि कोपराच्या बाजूला त्यावर करवतीच्या पात्याने घासल्याच्या तीन-चार खोल रेघा. एक रेघ प्लॅस्टर सोडून पुढे कातडीत गेली होती. सुधींद्र सरळ उभा राहून सांगू लागला की ती वेंधळी आहे, न्हाणीघरात पडली, मीच घरी काढणार होतो पण ती काढू देत नाही. जावयाला मी तीन वर्षं अहो-जाहो करत आलो होतो.

"तू केलंस?" मी विचारलं.

तो म्हणाला, बाबा, तुम्ही आधी बसा. आणि मी हातातलं हेल्मेट फिरवलं. ते त्याच्या भुवईवर बसलं, आणि जो आवाज आला तो रजिस्टरात कधी नसतो. तो भिंतीवर आदळला, तिथून खाली घसरला. भुवई फाटून रक्त डोळ्यात, मग शर्टावर, मग मोझॅकच्या फरशीवर. मी दुसऱ्यांदा मारलं, खांद्यावर. तिसऱ्यांदा हात वर नेला आणि माझी नजर शलाकाकडे गेली. ती खाली बसली होती. डोळे मिटून, गुडघे पोटाशी घेऊन, प्लॅस्टरचा हात डोक्यावर आडवा धरून. मी तिच्यापासून चार हात लांब होतो आणि मारत होतो तिच्या नवऱ्याला, पण ती चुकवत होती मला. वर गेलेला हात कुणाचा, हे तिचं अंग आता विचारत नव्हतं. कदाचित त्या अंगाने ते कधीच विचारलं नसेल, सहाव्या वर्षापासून. माझा हात तसाच राहिला. मग मी हेल्मेट फरशीवर ठेवलं, आवाज न करता, आणि दोन पावलं मागे सरकलो. छातीतलं ते गरम, मोकळं जे काही होतं ते विझलं.

सुधींद्र टॉवेल भुवईवर दाबून म्हणाला, मी पोलिसांत जाणार, तुम्हाला आत टाकणार. मी म्हणालो, चल, आधी इस्पितळात, पोलीस तिथेच येतात, मीच नेतो. शेजारणी दारांत उभ्या राहिल्या होत्या. एकीने शलाकाच्या पायाशी चपला आणून ठेवल्या. स्कूटर तिथेच सोडून आम्ही तिघं एका रिक्षात बसलो, मी मधे. माझ्या उजव्या बाजूला त्याचा टॉवेल भिजत होता, डाव्या बाजूला प्लॅस्टरचा कुबट वास येत होता. रिक्षावाल्याने आरशातून एकदा पाहिलं आणि पुढे पाहायचं ठरवलं. रस्ताभर शलाका बाहेर बघत होती. डोमलूरच्या आसपास तिने पहिल्यांदा तोंड उघडलं, माझ्याकडे न बघता.

"कार्ड कधी मिळालं?"

"आज."

मग तिने थोडं थोडं सांगितलं, जणू सुधींद्र तिथे नव्हताच. पत्ता दर वेळी नवराच सांगायचा, जयनगरचा, आणि ती मान हलवायची. तिलाही तेच हवं होतं. तिला वाटायचं त्या पत्त्यावर कधीतरी काहीतरी जाईल. पण पडली म्हणून लिहिलं की काहीच जात नाही. जानेवारीत प्लॅस्टर घालताना तिथल्या आयेने तिला आत बाजूला घेतलं आणि सांगितलं, प्लॅस्टर काढायला येऊ नको अक्का, जो येत नाही त्याच्या घरी कार्ड जातं. म्हणून ती गेली नाही. सहा आठवडे झाले, सात झाले, आठवा लागला, आत खाज सुटून किडे पडल्यासारखं व्हायला लागलं, त्याने पातं आणलं, तरी तिने हात दिला नाही. एवढं बोलून ती पुन्हा बाहेर बघायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो आणि तो अर्ध्यातून मागे घेतला.

अपघात विभागाच्या खिडकीपाशी तोच कारकून होता. व्हरांड्यातलं माझं टेबल अजून तसंच होतं, त्यावर कुणीतरी सलाईनच्या रिकाम्या बाटल्या ठेवल्या होत्या. सोयराबाईने आम्हाला लांबून पाहिलं, पोछा भिंतीला टेकवला, आणि माझ्याकडे न बघता थेट शलाकाजवळ येऊन उभी राहिली. तिने शलाकाचा चांगला हात आपल्या हातात घेतला. आधी सुधींद्रची पाळी. कारकुनाने नाव विचारलं, वय विचारलं, मग पत्ता. सुधींद्र एका डोळ्याने रजिस्टराकडे बघत होता, टॉवेल गच्च दाबून, आणि सवयीने त्याच्या तोंडून निघालं, जयनगर, तिसरा ब्लॉक.

"खोटं आहे," मी म्हणालो. "महादेवपुरा. अठ्ठेचाळीस लिहा."

कारकून म्हणाला, कशामुळे लागलं? सुधींद्रने आधी माझ्याकडे पाहिलं, मग शलाकाकडे, मग त्या आयेकडे, आणि पुटपुटला की न्हाणीघरात पडलो. मला हसू यायला हवं होतं. मी कारकुनाला सांगितलं की तो पडलेला नाही, मी मारलं, हेल्मेटने, दोन वेळा, तिसऱ्यांदा मारणार होतो. त्याने पेन थांबवलं. हे लिहिलं तर पोलीस येतील सर, तो म्हणाला. त्याला मी ओळखीचा होतो, सहा महिने त्याच्याच रजिस्टरांवर बसलो होतो. मी म्हणालो, लिहा, नावानिशी लिहा. त्याने लिहिलं. माझं नाव त्या रकान्यात बसेना, म्हणून शेवटची अक्षरं त्याने समासात घेतली.

मग त्याने पान न उलटता शलाकाकडे पाहिलं. कार्ड त्याच्या पुढ्यात होतं, त्यावर माझा पत्ता, आणि तो तोच उतरवून घ्यायला लागला. जयनगर एवढं लिहून झालं होतं. शलाकाने प्लॅस्टरचा हात उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवला, बरोबर रजिस्टराच्या वर, त्यामुळे त्याला पुढे लिहिता येईना.

"ते खोडा," ती म्हणाली. "मी सांगते."

कारकुनाने एक रेघ मारली. ती सोयराबाईला टेकून उभी होती, माझ्यापासून दोन हात लांब. पाठीमागे स्ट्रेचरवर कुणीतरी कण्हत होतं, आणि दारात नुकताच आलेला हवालदार टोपी काढून माझं नाव विचारत होता. मी त्याला हाताने थांब म्हटलं. शलाकाने नवऱ्याचं नाव सांगितलं, मग इमारत, मजला, दाराचा नंबर, रस्ता. मग कारकुनाने पिनकोड विचारला. ती पाठ म्हणावं तशी एकेक आकडा सांगू लागली, पाच, सहा, शून्य, शून्य, चार, आणि तिथे थांबली. तिने मान वळवून माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते दोन्ही मागे नेले.

"आठ," ती म्हणाली.